गोल्फ शिकायला सुरुवात करताय? या चुका टाळा

गोल्फ स्कूल निवडताना बहुतेक जण आधी कोर्सची हिरवळ आणि क्लबहाऊसचा थाट बघतात. सुरुवातीच्या काळात तुमचा त्या अठरा होलांशी फारसा संबंधच येत नाही. विचारायचं ते वेगळंच: शिकवणार कोण, एका कोचकडे एका वेळी किती जण असतात आणि दर वेळी तोच कोच मिळणार का? कोच बदलत राहिले, की एकाने बसवलेली ग्रिप (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरायची पद्धत) दुसरा मोडतो आणि शिकणारा मध्ये लटकतो.

वीस धड्यांचं पॅकेज सवलतीत मिळतंय म्हणून लगेच पैसे भरू नका. आधी एकच धडा घ्या आणि कोच काय करतो ते बघा. चांगला कोच आधी पाठीची, खांद्याची जुनी दुखणी विचारतो, मग ग्रिप आणि उभं राहणं तपासतो. पहिल्या पाच मिनिटांत हातात ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) देणारा मला तरी पटत नाही. डावखुरे असाल तर डाव्या हाताचे क्लब आहेत का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या ड्रायव्हिंग रेंजला (एका जागी उभं राहून चेंडू लांब मारायच्या मैदानाला) स्कूल समजणं. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन ‘पट’ (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवणारे फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६. हिशेबाने निम्मा खेळ ग्रीनवरच. चिपिंगला (ग्रीनजवळून मारायच्या छोट्या फटक्यांना) आणि पटिंगला जागाच नसेल तर शिकणार काय? शिवाय रेंजवरची नकली गवताची मॅट फसवते. चेंडूच्या आधी क्लब जमिनीला लागला तरी मॅटवरून तो घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. तोच फटका गवतावर मारा: क्लब मातीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर थांबतो. म्हणून अधूनमधून गवतावर सराव मिळेल का, हे नक्की विचारा.

क्लबचा पूर्ण सेट घ्यायची घाई नको. नियमांनुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. १४ असायलाच हवेत असं नाही. सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब), एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा), एक पटर (ग्रीनवरचा) आणि फार तर एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांचा), एवढ्यावर बरेच महिने निघतात. तेही आधी स्कूलचेच वापरा. मुलांना मोठ्यांचा क्लब कापून देऊ नका. तो लांबीला बसला तरी वजनाला जडच राहतो.

आता नेहमीच्या तक्रारी. चेंडू सारखा उजवीकडे वळतोय? (उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय.) अशा वेळी माणूस हमखास डावीकडे रोख धरून उभा राहतो आणि तिथेच फसतो. त्याने क्लब आणखी बाहेरून आत येतो आणि चेंडू जास्तच वळतो. मूळ दोष बहुधा चेंडूला लागताना क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहण्यात असतो, म्हणून आधी ग्रिप बघा. पवित्रा घेऊन खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरच्या हाडांचे निदान दोन उंचवटे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवून धरा. मग पायाच्या बोटांना लागून एक क्लब जमिनीवर आडवा ठेवा आणि मागे जाऊन बघा. आपण भलतीकडेच रोख धरला होता, हे तेव्हा कळतं.

चेंडू जमिनीवरून सरपटत जातो तेव्हा आजूबाजूचे सगळे ‘डोकं वर उचललंस’ म्हणतात. बरेचदा खरी गोष्ट अशी असते, की खेळणारा चेंडूला खालून उचलायला जातो आणि वजन मागच्या पायावरच राहतं. उचलायचं काम क्लबच्या तिरक्या चेहऱ्याचं आहे. चेंडूच्या किंचित पुढचं गवत घासायचा प्रयत्न करा, एवढं बस.

या काळात यूट्यूबवरचे पाच कोच एकदम ऐकू नका. तुमच्या कोचने सांगितलेली एकच गोष्ट घेऊन सराव करा आणि प्रत्येक चेंडूसाठी वेगळा नेम ठरवा. बादलीभर चेंडू धडाधड मारून फक्त तळहाताला फोड येतात.

कोर्सवर कधी जायचं? स्विंग ‘तयार’ होईपर्यंत थांबू नका. आधी पार थ्रीचा (प्रत्येक होल तीन फटक्यांत अपेक्षित असलेला) छोटा कोर्स किंवा नऊ होल गाठा. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा खिशात जादा चेंडू ठेवा. मागचा गट खोळंबला असेल तर चेंडू उचलून सरळ पुढच्या होलकडे निघा. हँडिकॅपसाठीही (खेळाडूचं कौशल्य दाखवणारा आकडा, नवख्याचा मोठा) बिचकायचं कारण नाही, त्याची कमाल मर्यादा ५४ आहे.