हप्ता अडला, अंगठा लागेना? ऑनलाइन कामातल्या या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात लोकांची अडलेली ऑनलाइन कामं घेऊन बसणं, ही माझी रोजची संध्याकाळ. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून थेट खात्यात पडू लागले, हा लहान शेतकऱ्यासाठी मोठा बदल आहे. तो पैसा क्षुल्लक चुकीपायी अडला की जीव तुटतो.

सगळ्यात जास्त घोळ मोबाईल नंबरचा. आधारला कुणी सेवा केंद्रवाल्याचा नंबर देतो, कुणी पोराचा. पोरगा पुण्याला कामाला गेला की ओटीपीही पुण्यालाच जातो. घरातल्या चालू फोनचाच नंबर द्या. जुना बंद पडला असेल तर बाकी कामं सोडून आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला.

हप्ता जमा झाला असं दिसतं, पण पासबुकात नाही? बँकेत भांडण्याआधी तुमची सगळी खाती आठवा. आधारवरून येणारा पैसा, डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) शेवटी जे खातं आधारशी जोडलं, त्यातच जातो. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खातं उघडताना ही जोडणी बदलते आणि आपल्याला पत्ताही नसतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’मध्ये त्या बँकेचं नाव दिसतं.

कापूस वेचून, निंदण करून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा घेत नाही आणि बाई मजुरी बुडवून रिकाम्या हातानं परत येते. हे मला सहन होत नाही. पीएम किसानची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, २०२३ पासून त्यांच्या ॲपवर चेहरा दाखवूनही होते. केंद्रवाला सांगत नसेल तर आपण मागावी.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबारावर पिकाची नोंद करणं, १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याच हातात आली, आणि इथली एक चूक आपल्या भागाची खास आहे. पराटीत, म्हणजे कापसात, तुरीचं तास (ओळ) असतं, पण नोंदवताना लोक नुसता कापूस टाकतात. मग हमीभावाच्या नोंदणीला सातबारा काढला की त्यावर तूरच नाही! मागच्या साली शेजारच्या काकांनी याच कारणानं व्यापाऱ्याला पडत्या भावात तूर दिली. म्हणून मिश्र पीक निवडा आणि दोन्ही पिकं भरा. चूक झालीच तर नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत दुरुस्ती करता येते. वावरात रेंज नसेल तर फोटो तिथंच काढून माहिती साठवा, पण गावात आल्यावर अपलोड करायला विसरू नका. नोंद अर्धवट राहते ती इथंच.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडू नका, मग पाठवणारा ओळखीचा का असेना. पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प बसू नका. त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच तो अडवता येतो.