संविधान दिनाच्या भाषणात या चुका टाळा

संविधान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण म्हणजे एकच फॉरवर्ड वेगवेगळ्या आवाजांत ऐकणं. चुकासुद्धा त्याच.

संविधान सभा आणि मसुदा समिती यांची गल्लत नको. सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद. सभेने २९ ऑगस्ट १९४७ला नेमलेल्या सात जणांच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर.

आता माझा खरा राग. एका स्पर्धेत एक मुलगा म्हणाला, "बाबासाहेबांनी एकट्यानं घटना लिहिली, बाकीचे सहा नुसते नावाला." पाठोपाठ एक मुलगी म्हणाली, "सगळं बी. एन. रावांनी लिहिलं, समितीनं फक्त सह्या केल्या." (राव म्हणजे संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार.) टाळ्या दोघांनाही! निकालाच्या वेळी आम्हा परीक्षकांतच जुंपली. दोघांकडेही आधार होता, पण अर्धा. संविधान सभेचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारी ५ नोव्हेंबर १९४८ला सभागृहात म्हणाले होते की समितीतल्या कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, आणि शेवटी भार आंबेडकरांवर पडला. तर २५ नोव्हेंबर १९४९ला खुद्द आंबेडकरांनीच श्रेय वाटून दिलं: कच्चा मसुदा करणारे राव, समितीचे सदस्य आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी. रावांच्या कच्च्या मसुद्यात २४३ कलमं, समितीच्या मसुद्यात ३१५, अखेरीस ३९५. मधल्या काळात सभागृहात मांडल्या गेलेल्या दुरुस्त्या २,४७३, आणि त्या चर्चेला सामोरे जाणारे मुख्यतः आंबेडकर. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण पाठांतरवाल्यांना तेवढा धीर नसतो. मी तारीख पाहतो, त्या दिवसाची चर्चा काढतो आणि भाषण आधी शेवटपर्यंत वाचतो, मगच त्यातलं वाक्य उचलतो.

"घटना उसनी आहे" म्हणणाऱ्यांनी आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८चं भाषण वाचावं. ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातून बरंच घेतलं, हे त्यांनी न लाजता सांगितलंय.

स्वीकार २६ नोव्हेंबर १९४९, सह्या २४ जानेवारी १९५०, पूर्ण अंमल २६ जानेवारी १९५०. नागरिकत्वासारखी काही कलमं मात्र स्वीकाराच्या दिवसापासूनच लागू झाली.

घटना तयार व्हायला दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस लागले की अठरा, यावर डोकं फोडू नका. सभेच्या बैठकीचा पहिला दिवस धरला की अठरा.

१९४९च्या उद्देशिकेत "समाजवादी" आणि "धर्मनिरपेक्ष" घुसडू नका. ते शब्द १९७६च्या ४२व्या दुरुस्तीतले.

आणि प्रेमबिहारी नारायण रायजादांनी घटना "लिहिली" ती सुलेखनात, इंग्रजी प्रतीची. मसुद्याशी त्यांचा संबंध नाही.