आगमनकाळातली जागल: प्रभूच्या येण्याची तयारी घरच्या घरी कशी करावी

नोव्हेंबर सरत आला की आमच्याकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वेचणी अर्ध्यावर असते आणि हरभरा कोवळा असतो, म्हणून रात्रीची जागल सुरू होते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एकदा का वावरात शिरला की सकाळी नुसते खूर मोजायचे. नेमका याच दिवसांत चर्चमध्ये आगमनकाळ लागतो.

बाबांबरोबर पहिल्यांदा जागलीला गेलो तेव्हा मी बारा वर्षांचा असेन. मचाणावर गोधडी, उशाशी पत्र्याचा डबा आणि काठी, खाली इस्तो, म्हणजे शेकोटी. बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, "डोळा लागला त लागू दे, पन इस्तो इझू देऊ नको." धग राखेखाली जिवंत असली की दचकून उठलेला माणूससुद्धा दोन काटक्या टाकून लगेच जाळ करतो. विझली असेल, तर अंधारात काडेपेटी चाचपडेपर्यंत जनावर अर्धा धुरा (बांध) ओलांडून गेलेलं असतं.

पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दाखला (अध्याय २५) वाचला तेव्हा बाबांचे शब्द आठवले. त्या दाखल्यात दहाजणी दिवे घेऊन वराची वाट पाहतात, पण त्याला उशीर होतो आणि दहाही जणींना झोप लागते, शहाण्या पाचजणींनासुद्धा. प्रभूने झोपेबद्दल त्यांना बोल लावलेला नाही. पाचजणींच्या भांड्यात तेल होतं आणि पाचजणींच्या नव्हतं, एवढाच फरक. आपल्या गावात मीठ, साखर, विळा, बैलजोडीसुद्धा उसनी मिळते. हे तेल मात्र मध्यरात्री शेजारणीकडून उसनं मिळत नाही. ते आधीच, दिवसाउजेडी, थोडं थोडं भरून ठेवावं लागतं. कसं भरायचं, ते पुढे सांगतो. दिवसभर कापूस वेचून दमलेलं घर आणि महिन्यातून एखाद्या वेळी पाळक किंवा फादर येणारं गाव डोळ्यापुढे ठेवून हे लिहिलं आहे.

आधी काळ समजून घ्या

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. संत आंद्रेयाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्या तारखेच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे आणि २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. उपासनेचं नवं वर्ष याच दिवशी सुरू होतं.

बहुतेक घरांत हा महिना नाताळाच्या खरेदीतच जातो. पण कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा आणि प्रार्थनांचा भर प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर असतो. १७ तारखेपासून लक्ष बेथलेहेमकडे, म्हणजे येशूच्या जन्माकडे, वळतं. म्हणजे पहिले दोन-अडीच आठवडे गव्हाणीचे नसून न्यायाच्या दिवसाचे आहेत. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड प्रभूच्या तीन आगमनांबद्दल सांगत: एक देहधारण करून झालेलं, एक शेवटी गौरवाने होणारं आणि या दोहोंच्या मधलं एक, जे रोज, गुपचूप, माणसाच्या अंतःकरणात होतं. आपल्या हातात आहे ती या मधल्या आगमनासाठी दाराची कडी काढून ठेवणं. तुमच्या मंडळीत आगमनकाळ पाळण्याची रीत नसली तरी हरकत नाही. यातली प्रत्येक गोष्ट पवित्र शास्त्र उघडून घरीच करता येते.

तारखा सांगणाऱ्यांकडे कान देऊ नका

दर डिसेंबरला मोबाईलवर संदेश फिरतात: अमुक साली प्रभू येणार, अमुक युद्ध हे शेवटचं चिन्ह. घरातली म्हातारी माणसं घाबरतात, पोरं हसतात. दोघांनाही मार्क १३:३२ वाचून दाखवा. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असं प्रभूने स्वतःच सांगितलं आहे.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने शास्त्रातल्या आकड्यांचा हिशोब मांडून प्रभूच्या येण्याचा काळ काढला होता. त्याच्या चळवळीने शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी उभं पीक शेतातच सोडलं. तो दिवस गेला, रात्र गेली आणि हजारो श्रद्धावंत लोक रडत घरी परतले. त्यांची वाट पाहणं खरं होतं, म्हणूनच मला त्यांचं फार वाईट वाटतं. त्याच्याही कितीतरी आधी, थेस्सलनीका इथले काही विश्वासणारे कामधंदा सोडून बसले होते, तेव्हा पौलाने त्यांना खडसावलं की शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा (२ थेस्सलनी. ३). जागल्याला रोही कधी येणार हे माहीत नसतं, म्हणून तर तो रोज रात्री जातो.

दिवसाचे चार थांबे ठरवा

मार्क १३:३५ मध्ये प्रभू म्हणतो की घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की सकाळी, हे तुम्हाला माहीत नाही. रोमी पहाऱ्यात रात्रीचे असेच चार भाग असत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. या चार वेळांना धरून चार छोटे थांबे घ्या.

संध्याकाळी दिवे लागले की सगळं घर पाच मिनिटं एकत्र बसू द्या. टीव्ही बंद, मोबाईल फडताळात. एक उतारा, एक भजन, एक प्रार्थना. टाळ असतील तर टाळ काढा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार पहिल्यांदा मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. त्याच माणसाने पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीतून गायली. तेव्हा आपल्या चालीत गायला संकोच करू नका.

मध्यरात्रीसाठी मुद्दाम उठायची गरज नाही. पण वावरात रात्रपाळीची लाईट आली म्हणून पंप चालू करायला जाताच ना? दाऱ्यावर उभं राहून पाणी वळवताना, बॅटरीच्या उजेडात, एवढंच म्हणा: "ये, प्रभू येशू." पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पानावरची ही प्रार्थना आहे. पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या तोंडी ती अरामी भाषेत होती, "मारानाथा". आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांना, झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हीच पुरते.

कोंबडा आरवला की अंथरुणातच स्तोत्र १३० आठवा. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं त्यात म्हटलं आहे. ज्याने डिसेंबरातली एक अख्खी रात्र मचाणावर काढली आहे, त्याला हे स्तोत्र कोणी समजावून सांगावं लागत नाही. पूर्वेला तांबडं दिसायला लागतं तेव्हा पाठ आपोआप सैल होते. आणि सकाळी, कामाला निघताना, आज कोणाशी खरं वागायचं आहे त्याचं नाव मनात घ्या.

योहानाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारा

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल वाचतात. लूक ३:१०-१४ हा उतारा घरात मोठ्याने वाचा. लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावे?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण शेतकरी माणूस असंच विचारतो. योहान त्यांना नवस सांगत नाही, यात्रा सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक ज्याला नाही त्याला द्या. जकातदारांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कोणाला धाकदपटशा करून उकळू नका. ज्याचा जो धंदा, त्यातच त्याचा पश्चात्ताप.

आता हेच आपल्या आंगणात आणा. वेचणीचा कापूस संध्याकाळी काट्यावर लागतो. बाया दिवसभर वाकून वेचतात, कमरेची ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करतात आणि दिवे लागणीला एकेकीचं गाठोडं आकड्याला अडकवलं जातं. काटा हलत असतो तेवढ्यात मालक आकडा बोलून टाकतो. सकाळचं दव आहे म्हणून थोडी कट धरतो, पोत्याचं वजन म्हणून आणखी थोडी. प्रत्येक वेळी पाव-अर्धा किलो. बाई काही बोलत नाही, कारण तिला उद्या परत यायचं असतं. मी स्वतः बरीच वर्षं हे केलं आहे आणि रविवारी पुढच्या बाकावर बसलो आहे.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाने माझा हात थांबवला. सातव्या ओवीत याकोब म्हणतो, शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत धीर धरतो, तसा प्रभूच्या येण्यापर्यंत तुम्हीही धीर धरा. ही ओवी आमच्या सगळ्यांच्या पाठ आहे, भिंतीवर लिहिलेली असते. पण तिच्या तीनच ओव्या आधी, चौथीत, तो म्हणतो की तुमची शेतं कापणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे. धीर धरणारा शेतकरी आणि मजुरी दाबणारा मालक एकाच पानावर आहेत. आपण त्यातले कोण, हे काटा सांगतो.

तेव्हा या महिन्यात एवढं करा: काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा बोलू नका, तो बाईला स्वतः वाचू द्या आणि आठवड्याची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या. मागची कट लक्षात असेल तर तीही परत करा. मजुरीला जाणारे असाल तर तुमचा हिशोब वेगळा असेल: ओल्या बोंडांनी गाठोडं जड करणं, उचल घेऊन दुसऱ्याच्या वावरात जाणं. दुकानदाराचा वेगळा, शिक्षकाचा वेगळा. प्रत्येकाने आपला काटा ओळखावा. कॅथलिक घरांनी याच आठवड्यांत फादरांकडे पापनिवेदन करून घ्यावं, नाताळाच्या आदल्या दिवसाच्या रांगेवर ठेवू नये.

अबोला मोडा

मत्तय ५:२३-२४ सांगतं, वेदीपुढे दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. चुलतभावाशी माझा धुऱ्यावरून तीन वर्षं अबोला होता. एका आगमनकाळात, दुसऱ्या रविवारी, मी त्याच्या आंगणात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "दादा, चहा मांडाले सांग." तो बराच वेळ गप्प होता. मग वहिनीला हाक मारली. धुऱ्याची मोजणी अजून झालेली नाही आणि तो वाद अजून आहे. पण त्याच्या पोराच्या लग्नात मी पंगत वाढली.

जाताना साक्षीदार नेऊ नका, कागद नेऊ नका. समोरच्याने दार लावलं तर परत या आणि त्याचं नाव संध्याकाळच्या प्रार्थनेत घ्या.

पोरांसाठी चाक आणि पणत्या

आगमनाच्या चार मेणबत्त्यांचं चक्र शहरातल्या चर्चमध्ये दिसतं. त्याची सुरुवात १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्ग इथे झाली. योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवली. आपल्या गोठ्यामागे बंडीचं मोडकं चाक पडलेलं असतंच. नसेल तर पितळी ताट घ्या, कडेने आंब्याची पानं आणि दिवाळीतल्या चार पणत्या. दर रविवारी एक वाढवा आणि तेल पोरांना घालू द्या. दहा कुमारींचा दाखला सांगायला यापेक्षा सोपी वेळ मिळणार नाही.

शेवटचे आठ दिवस

१७ डिसेंबरनंतर घरात करंज्या, चकल्या, चांदणी, कॅरोल सुरू होतात. होऊ द्या. फक्त फराळ करताना एक वाटा आधी बाजूला काढा, ज्याच्या घरी यंदा आत्महत्या झाली, आजारपण आलं, किंवा एकटं म्हातारं माणूस आहे, त्याच्यासाठी. तो ख्रिस्ती आहे की नाही हे विचारू नका. मत्तय २५ च्या शेवटी राजा भुकेल्या, तहानेल्या, उघड्या, आजारी माणसांबद्दलच विचारतो. डबा नेऊन दिला की लगेच उठू नका, थोडं बसा. उधारीवर नवे कपडे घेऊ नका. जानेवारीतलं व्याज प्रार्थनेत येऊन बसतं.

डोळा लागलाच तर

आठवडा निसटेल. पाहुणे येतील, ताप येईल, पंप जळेल, संध्याकाळची पाच मिनिटं राहून जातील. मग मागचं सगळं भरून काढायला बसू नका. पुढचा जो थांबा येईल तो धरा.

एका वर्षी बाबांनाही झोप लागली होती आणि इस्तो विझला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा हरभऱ्याच्या चार-पाच तासा (ओळी) बुडापासून खाल्लेल्या होत्या. बाबा धुऱ्यावर बसून बराच वेळ ते पाहत राहिले. त्या दिवशी संध्याकाळी मायने भाकरी बांधून दिली. बाबांनी तीच गोधडी खांद्यावर टाकली, काडेपेटी खिशात आहे की नाही ते दोनदा चाचपलं आणि नेहमीपेक्षा थोडे लवकर वावराकडे निघाले.