दहा बाय बाराच्या खोलीला कुठले मॉनिटर घ्यावेत?

सांगलीच्या गावभागात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. वर का, ते २०१९चा पूर बघितलेल्याला सांगायला नको. लांबी बारा फूट, रुंदी दहा आणि छतही दहा फुटांवर. भजनी मंडळं येतात, तबल्याची पोरं येतात, मिरजेहून कुणी तंबोरा घेऊन येतं.

सुरुवातीला मी हौसेनं आठ इंची मॉनिटर आणले, म्हणजे मिक्स करताना ऐकायचे स्पीकर; इंच मोजायचे ते त्यांच्या मोठ्या कोनाचे. खोलीच्या बरोब्बर मधोमध खुर्ची टाकली आणि अभंग मिक्स करायला बसलो. डग्गा असा घुमायचा की मी तो खाली, अजून खाली आणत गेलो. मंडळाच्या बुवांनी मोबाइलवर ऐकून फोन केला, "तबलजी आला नव्हता का हो त्या दिवशी?"

पुढं हिशेब मांडला तेव्हा घोळ कळला. बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ९४च्या आसपासचाही. हा ९४चा सूर खोलीच्या मध्यावर फुगतो. डग्ग्याचा घुमारा साधारण तिथंच, आणि मी नेमका तिथंच बसलेलो! वर रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळं ५६ हर्ट्झला दोन्हीकडून दुजोरा. आठ इंची विकून मी पाच इंची घेतले, आणि मग लक्षात आलं की निम्मा दोष खुर्चीचा होता.

तरी एवढ्या खोलीला पाच इंचीच घ्या असं मी म्हणतो. यामाहाच्या एचएस ५ सारखा स्पीकर ५४ हर्ट्झपर्यंत खाली जातो. गळा, पेटी, तबला, सतार यांना तेवढं भरपूर झालं. त्याहून खालचं ही खोली खरं सांगतच नाही, मग त्यासाठी पैसे का मोजायचे? डीजेचा खालचा बेस बनवायचा असेल तर गोष्ट वेगळी. किंमत बघताना मात्र जपून. बरेच मॉनिटर नगावर विकतात. स्वस्त वाटलं म्हणून मागवलं आणि खोक्यात एकच निघाला, असं होतं.

जमलं तर पुण्याला जाऊन कानानं ऐका. जाताना पेनड्राइव्हवर स्वतःचं रेकॉर्डिंग न्या, डब्ल्यूएव्ही फाइल, एमपीथ्री नको. मी एकट्या तंबोऱ्याची दोन मिनिटं नेतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती बैठक, नीट लागलेली असेल तर तारेतून बारीक बारीक सूर सुटत राहतात. जो स्पीकर त्यांना नुसती चकाकी देतो किंवा गिळून टाकतो, तो माझ्या कामाचा नाही. मग एकट्या गळ्याचा ट्रॅक. गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहिल्यासारखा वाटला पाहिजे. दोन जोड्या ताडताना आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण मोठ्यानं वाजणारा नेहमी गोडच वाटतो. दुकानदारांनाही हे ठाऊक असतं.

घरी आणल्यावर दहा फुटी भिंतीला पाठ करून ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनं जाईल. कान त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. दोन स्पीकरांत साडेतीन फूट आणि प्रत्येकापासून डोक्यापर्यंतही तेवढंच. मागं भोक असलेल्या मॉडेलला भिंतीपासून वीतभर तरी जागा लागते. तरीही खालचा आवाज जड वाटला तर पाठीमागचं रूम कंट्रोलचं बटण उणे दोन डेसिबलवर टाकून बघा. नुसत्या टेबलावर ठेवू नका, टेबलही वाजायला लागतं.

उरलेला पैसा खोलीवर घाला. खुर्चीत बसा, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लावा, आणि आरशात स्पीकर दिसेल तिथं रॉकवूलची, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीची, चार इंची चौकट लावा. अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही, धूळ तेवढी जमते. कोपऱ्यात मी गुंडाळलेल्या गाद्या उभ्या केल्यात. पाहुणे आले की बायको त्या घेऊन जाते आणि चार दिवस माझा डग्गा परत घुमायला लागतो.

इंटरफेसपासून (कॉम्प्युटरला माइक आणि स्पीकर जोडायची पेटी) स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस, म्हणजे तीन जोडांच्या पिनेची केबल वापरा, गुणगुण बरीच कमी होते. मॉनिटर सगळ्यात शेवटी चालू करायचे आणि सगळ्यात आधी बंद. उलट केलं तर ‘धप्प’ आवाज येतो, तो ट्वीटरला सोसत नाही. आमच्याकडं लाइट कधीही जाते, म्हणून इंटरफेस यूपीएसवर आहे आणि मॉनिटर साध्या लाइनवर. लाइट गेली की आधी मॉनिटर मुके होतात.