तंत्रज्ञान कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण दूरशिक्षणाने घेताना

पदवी कशासाठी हवी आहे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे. कंपनीतील डेटा संरक्षणाचे काम समजून घेण्यासाठी दूरशिक्षणाची पदवी पुरेशी ठरू शकते; परंतु वकिलीची सनद किंवा विद्यापीठातील अध्यापकपद हा हेतू असेल, तर ज्या देशात काम करायचे आहे तेथील नियामक संस्था ही पदवी मान्य करते का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. प्रवेश विभागाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कायद्याची पदवी नसलेल्यांनाही काही विद्यापीठे प्रवेश देतात. अशा वेळी हाती पडणारी पदवी एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) असेल की दुसऱ्या नावाची, हेही पाहावे.

‘तंत्रज्ञान कायदा’ या नावाखाली फार वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात. एखाद्यात बौद्धिक संपदेवर भर असतो, दुसऱ्यात सायबर गुन्ह्यांवर, तर तिसऱ्यात समाजमाध्यमे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या नियमनावर. माहितीपत्रकातील वर्णनापेक्षा प्रत्येक विषयाची वाचनयादी मागवून पाहणे अधिक उपयोगी ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विषयात युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमावलीचा उल्लेखच नसेल, तर तो अभ्यासक्रम बरेच दिवस कोणी उघडून पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे. वेस्टलॉ, हाइनऑनलाइन यांसारखे निवाड्यांचे व कायदेविषयक लेखांचे ऑनलाइन संग्रह घरबसल्या वापरता येतील का, हेही विचारावे. माझ्या मते चित्रित व्याख्यानांपेक्षा शुल्काचा खरा मोबदला या ग्रंथालयातच असतो.

वेळेचा हिशेब आधीच मांडावा. ब्रिटिश पद्धतीत पदव्युत्तर पदवीला साधारणपणे १८० श्रेयांक लागतात आणि एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, म्हणजे एकूण १,८०० तास. दोन वर्षांत, एकही आठवडा न चुकवता, हा आकडा आठवड्याला सतरा तासांच्या वर जातो. नोकरी सांभाळणाऱ्याने एका सत्रात एकच विषय घ्यावा आणि मुदत वाढवता येते का, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे.

खरी मेहनत मूळ मजकूर वाचण्यात आहे, आणि वर्गात बसून आपोआप लागणारी ही सवय दूरशिक्षणात स्वतःच लावून घ्यावी लागते. युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण नियमावलीत, म्हणजे जीडीपीआरमध्ये, ९९ अनुच्छेद असून त्यांच्याआधी १७३ प्रास्ताविक परिच्छेद येतात. हे परिच्छेद स्वतंत्रपणे बंधनकारक नसले, तरी अनुच्छेदांचा अर्थ लावताना न्यायालय त्यांचा आधार घेते. वाचनाची सुरुवात मात्र चौथ्या अनुच्छेदातील व्याख्यांपासून करावी, कारण या क्षेत्रातील पुष्कळ वाद शेवटी व्याख्येपाशीच येऊन थांबतात. गुगल स्पेन प्रकरणात शोधयंत्र हे स्वतः वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करणारे ‘नियंत्रक’, म्हणजे त्या प्रक्रियेचा हेतू आणि पद्धत ठरवणारे, ठरते का, हा कळीचा प्रश्न होता, आणि युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी दिले. हा निवाडा वाचताना अनेकांची एक चूक होते: न्यायालय जीडीपीआरचा नव्हे, तर त्याआधीच्या १९९५ च्या डेटा संरक्षण निर्देशाचा अर्थ लावत होते. म्हणून प्रत्येक निवाड्याच्या टिपणात, तो कोणत्या मजकुराविषयी आहे आणि तो मजकूर आज लागू आहे का, या दोन ओळी सर्वांत वर लिहाव्यात. युरोपातून अमेरिकेत माहिती पाठवण्याची ‘सेफ हार्बर’ व्यवस्था २०१५ मध्ये आणि तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ २०२० मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. जुन्या टिपणांवर विसंबणाऱ्याचे अशा ठिकाणी हमखास चुकते. सुदैवाने हे मूळ मजकूर आणि निवाडे युरोपीय संघाच्या युर-लेक्स या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

प्रोग्रॅमिंग शिकण्याची गरज नाही. तथापि, ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंत माहिती कशी जाते, कुकी कुठे साठते आणि एन्क्रिप्शननंतर कोणाला काय दिसते, याची आकृती कागदावर स्वतः काढता आली पाहिजे. तेवढे जमले नाही, तर कायद्याचे विवेचन पोकळ राहते.

शिक्षकांना प्रश्न विचारताना ‘हा भाग समजला नाही’ असे न लिहिता परिच्छेदाचा क्रमांक द्यावा आणि आपल्याला लागलेला अर्थ सोबत लिहावा. उत्तर नेमके मिळते.

लघुप्रबंधाचा विषय जितका अरुंद, तितका चांगला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा’ हा विषय नव्हे, ते कपाटाचे लेबल आहे. त्याऐवजी जीडीपीआरमधील स्वयंचलित निर्णयांविषयीचा बाविसावा अनुच्छेद घ्यावा आणि कर्ज देणारी संस्था पतगुणांकावर प्रामुख्याने अवलंबून असेल, तर तो गुणांक काढणे हाच स्वयंचलित निर्णय ठरतो, असे सांगणाऱ्या २०२३ च्या शूफा (जर्मनीतील पतगुणांक काढणारी कंपनी) निवाड्याचा परिणाम तपासावा. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून नोंदवावेत. चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक निवाडा मूळ संग्रहात उघडून पाहावा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे मांडल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला होता. आणि लेखन चालू असतानाही कायदा बदलत राहणार असल्यामुळे, विवेचन कोणत्या तारखेपर्यंतच्या कायद्यावर आधारलेले आहे, हे पहिल्याच प्रकरणात नमूद करून त्यानंतरचे बदल केवळ तळटिपेत घ्यावेत.