सुटी भाजी निवडून कशी घ्यावी

ट्रेमधली, वरून प्लास्टिक ताणलेली भेंडी मी घेत नाही, कारण तिची शेंडी मोडून बघता येत नाही. शेंडी कट्‌कन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. वरची ओळ हिरवीगार आणि खालच्या भेंड्यांवर काळे डाग, हे पाकीट घरी फोडल्यावरच कळतं. आतून पाण्याचे थेंब दिसत असतील तर हातच लावू नका. त्या ओलाव्यात भेंडी बुळबुळीत होऊन सडते.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, भाजी खंडेराव मार्केटमधून आणते. (१९०६ साली सयाजीराव महाराजांनी बांधलेलं. राजवाड्यासारख्या इमारतीत कोथिंबिरीसाठी घासाघीस करायची मजाच वेगळी!) तिथे दोघांपुरतं मागता येतं: "मासी, अढीसो आपो ने." (मावशी, अडीचशे ग्रॅम द्या ना.) पाकीट अर्ध्या किलोचं असलं की अर्धा किलोच घ्या, मग उरलेलं टाका.

सुती पिशव्या दोन-तीन न्या. कांदे-बटाटे खाली, टोमॅटो वर, मेथी वेगळी. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी कुणी देऊ केलीच तर सरळ नको म्हणा.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. मेथी-कोथिंबिरीची मुळं कापा, पिवळी पानं काढा आणि जुडी कोरड्या पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. काकडी मात्र प्लास्टिकमध्ये जास्त टिकते, ते कबूल. म्हणून ती एक-दोन दिवसांपुरतीच घ्यायची.