गहू बंद करण्याआधी या चुका टाळा

घरात कोणाचं पोट सतत बिघडतं, कोणीतरी गहू सोडायला सुचवतं आणि पुढच्या सोमवारपासून सगळ्या घराच्या पोळ्या बंद होतात. घाई इथेच नडते. एक नियम पाळलात तरी निम्मे घोळ टळतील: आधी तपासणी, मग गहू बंद.

सीलिअ‍ॅक आजारात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं ‘राय’ धान्य) यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. तिच्यात या उलटलेल्या प्रतिकारशक्तीने रक्तात सोडलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मोजतात, आणि ग्लूटेन खाणं थांबलं की ती हळूहळू उतरत जातात.

नेहमी घडतं ते असं. आठवी-नववीतली मुलगी. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही, उंची वर्गात सगळ्यांत कमी, पोट फुगलेलं. आई गहू बंद करते. काही महिन्यांत मुलगी खुलते, जेवायला लागते. मग डॉक्टर टीटीजी करायला सांगतात आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. बायोप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणी करावी, तर आतड्यातले अन्न शोषणारे रसांकुर तोवर भरून येऊ लागलेले असतात. आजी म्हणते, ‘काही झालेलं नाही पोरीला, दे पोळी.’ आईला ते पटत नाही आणि हातात पुरावाही नाही. खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज दोन-तीन पोळ्या सुरू करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, म्हणजे बऱ्या झालेल्या मुलीला परत पोटदुखीत ढकलायचं. एका रक्ततपासणीपुरता धीर धरला असता तर हे टळलं असतं.

टीटीजीसोबत एकूण आयजीएही करून घ्या; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, टीटीजीत तोच मोजतात. ज्यांचं आयजीए मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. टीटीजी वाढलेली आली की पोटविकारतज्ज्ञ एंडोस्कोपीने लहान आतड्याचे तुकडे तपासतात. तोवर पोळी चालूच ठेवा. गहू आधीच सुटला असेल तर एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी उपयोगी पडते. ही दोन्ही जनुकं नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास नाहीच. असतील तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात.

सगळे रिपोर्ट नीट आले आणि तरीही पोळीने पोट फुगत असेल, तर दोष ग्लूटेनचाच असेल असं नाही. गव्हात फ्रुक्टॅन नावाची शर्करा असते, कांद्या-लसणातही असते. कांदा-लसूण खाल्ल्यावरही तसंच होतं का, हे आधी पाहा.

खपली गहू हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. ‘पचायला हलका’ असं कोणी कितीही सांगितलं तरी सीलिअ‍ॅकच्या माणसाला खपली वर्ज्य. रवा, दलिया, शेवया, मैदाही त्याच यादीत.

निदान झालं की दुसरी मोठी चूक गिरणीत होते. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गव्हावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात असतं. आधीच्या दळणाचं पीठ दगडांच्या फटीत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत अडकून राहतं. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या मालात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. एका चमच्यात साधारण ३ ग्रॅम कणीक मावते, आणि तिच्यात २०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी मर्यादेच्या दहापट. गिरणीवाल्याला ‘तांदळावर दळा’ सांगून भागत नाही, कारण त्या तांदळाच्या आधी गहूच पडलेला असतो. घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही टाकू नका. ते जमत नसेल तर ग्लूटेनमुक्त असं छापलेलं बंद पाकीट घ्या. धान्य निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा, कारण किराणा दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं हवंच, लाकडाच्या भेगांतली पिठी धुऊन जात नाही. करंज्या तळलेल्या तेलात चकली तळू नका. बाजारच्या बहुतेक हिंगात मैदा असतो, पाकिटावरचे घटक वाचा. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू पडतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव, सोया सॉसमध्ये बहुधा गहू. साधे ओट्स गव्हाने बाटलेले असतात. आणि सीलिअ‍ॅकमध्ये ‘रविवारी एक पोळी चालेल’ ही सवलत नसते. त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होतेच.

मग खायचं काय? या प्रश्नाला ‘ग्लूटेनमुक्त बिस्किटं’ हे उत्तर देणाऱ्यांचं नवल वाटतं. ती महाग असतात आणि आत बहुधा स्टार्च, साखर, तेल. साबुदाणा चालतो, पण रोज नको, तोही निव्वळ पिष्ट. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, तांदूळ, डाळी असताना दुकानात जायची गरजच काय?

भाकरी मोडते म्हणून पोळीकडे परतणारे पुष्कळ. बहुतेक वेळा पीठ जुनं असतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. पंधरा दिवस पुरेल इतकीच ज्वारी दळा. बाजरी तर आठवड्याचीच, तिच्यातल्या तेलामुळे पीठ लवकर कडू होतं. सवय नसेल तर उकड काढा: एक वाटी पाणी खळखळ उकळलं की चिमूटभर मीठ, मग एक वाटी पीठ घालून गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. कोमट असतानाच तळहाताने भरपूर मळा. कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, वरून पीठ भुरभुरवत बसू नका.

निदान झालेल्या माणसाचे आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी करून घ्या, तक्रार नसली तरी. आणि त्यांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्यांच्या पोळ्या चालू राहू द्या.